आमची वाटचाल : दवल्यापासून दिव्यापर्यंत

२०१६ साली गोव्यात माड झाडांच्या कायद्यातून बाहेर पडला. ‘माड आता गवत झाला’ म्हणून आमच्या पेडण्यात चहाच्या गाड्यावर नुसती थट्टा चालायची. (२०१७ साली नवं सरकार आलं, त्यानं त्याला परत झाडांत घेतलं आणि वर राज्यवृक्षाचा मानही दिला.) त्याच २०१६ साली मी आणि माझ्या नवऱ्यानं त्या ‘गवता’च्या करवंट्या घासायला सुरुवात केली.

घरात खोबरं सुकवून घाण्यावर न्यायचं काम सासऱ्यांपासूनचं. करवंट्या न्हाणीच्या चुलीत जायच्या. त्यातली एखादी जाड, गोल करवंटी दिसली की सासूबाई ती बाजूला काढायच्या आणि दवलो करायच्या. घरात दवलो, छापील मराठीत करवंटीचा डाव. दोन बाजूंना दोन भोकं, त्यांतून पोफळीचा तासलेला दांडा आरपार, शेवटी पाचर. खिळा नाही, गोंद नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहिल्या दिवशी पाच दवले नेले, पाचही परत आणले. एक बाई म्हणाली, “हे आमच्या घरात फुकट पडलेले असतात गो.” खरंच होतं ते. मग शहरातल्या लोकांसमोर जायचं ठरवलं. पणजीच्या लोकोत्सवात माल गेला आणि २०१९ मध्ये ऑनलाइन दुकान उघडलं. टाळेबंदीबद्दल सगळ्यांनीच लिहून झालंय. बाजार बंद होते तेव्हा गावातल्या चार बायकांचा पगार ऑनलाइन ऑर्डरींवर निघाला, एवढंच सांगते.

एक करवंटी तयार व्हायला साधारण चाळीस मिनिटं लागतात. आधी हॅक्सॉच्या पात्यानं शेंडी खरवडायची. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, दोनशेवीस, शेवटी चारशे. आत खोबऱ्याची पातळ साल राहिली तर पावसाळ्यात हमखास बुरशी धरते, म्हणून आतली बाजू बोटानं चाचपून बघावी लागते, डोळ्यांवर भागत नाही. शेवटी खोबरेलाचा हात. हे सगळं धरून आम्ही एक दवलो ३२० रुपयांना विकत होतो.

२०२२ च्या श्रावणात पुण्याहून एका ताईंचा फोन आला. आवाज तापलेला. “तुमचा डाव आमटीत घातला आणि दांडाच निघून आला.” मी फोटो मागवला. दांडा गोंदानं चिकटवलेला होता, करवंटी यंत्रावर कापून वरून चकचकीत वॉर्निश मारलेली. ताईंनी तो १४९ रुपयांना एका मोठ्या बाजार-ॲपवरून घेतला होता. पॅकेटवर वेगळंच नाव. पण ॲपवरचा फोटो आमचा! आमच्या स्वयंपाकघराची खिडकी, आणि दवलो धरलेला सासूबाईंचा हात. हिरव्या काकणांच्या खाली काजू भाजताना उडालेल्या चिकाचा जुना डाग, तोसुद्धा तसाच.

सासूबाईंना दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हजो हात दाखवून दुसरो पैशे करता?”

आमची पहिली तक्रार होती ‘आमच्या वस्तूची नक्कल केली’ अशी. ठरावीक उत्तर आलं : हक्काचा पुरावा जोडा. पुरावा कसला जोडणार? म्हापशाच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, “दवलो तुम्ही शोधून काढलात का?” नाही. तो प्रत्येक घराचा. मग मी तीन डोळ्यांच्या दिव्याची गोष्ट काढली. नारळाच्या तीन डोळ्यांतून उजेड बाहेर पडेल असा तो दिवा आमच्याच घरात सुचला होता आणि त्याचीही नक्कल सुरू झाली होती. वकील म्हणाले, डिझाइनच्या २००० सालच्या कायद्यात नोंदणी झाली तर दहा वर्षं संरक्षण मिळतं आणि वर पाच वाढवून घेता येतात. पण अर्जाआधी ते जगाला दाखवलेलं नसावं. आणि मी तर वर्षभर रोज संध्याकाळी तो दिवा फोनवरून जगाला दाखवत होते! ती चूक सर्वस्वी माझी.

तेवढा फोटो मात्र आमचा होता. फोटोच्या कॉपीराइटला नोंदणी लागत नाही, आणि मूळ फाइल तारखेसकट नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये सापडली. कॉपीराइटच्या २०१३ च्या नियमांत अशा तक्रारीवर छत्तीस तासांत मजकूर बंद करायची तरतूद आहे, मात्र एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो परत चालू होऊ शकतो. तशी तक्रार केली आणि ॲपवरचं ते लिस्टिंग (विक्रीचं पान) गेलं. दोन दिवसांनी दुसऱ्या नावानं आलं, काकणांपर्यंत कापलेला फोटो घेऊन. असं अकरा वेळा झालं. ॲपवर दिलेल्या विक्रेत्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं नोटीस पाठवली, ती ‘या पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत आली. तो लिफाफा अजून माझ्या कपाटात आहे.

आमच्या नावाचा ट्रेडमार्कचा अर्ज त्याच वर्षी केला. स्वयंपाकाच्या भांड्यांचा वर्ग एकवीस, छोट्या उद्योगाला फी ४,५०० रुपये, गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे. आता प्रत्येक दांड्यावर तापवलेल्या मुद्रेनं नाव उमटवतो. बायकांना ते काम आवडतं, लाकूड जळल्याचा वास छान येतो म्हणे.

या सगळ्यात घरात एक भांडणही झालं. मांद्र्याचा एक मुलगा आमच्यासारखेच दवले करून विकतो. नवरा म्हणाला, त्याचीही तक्रार करू. मी अडवलं. तो स्वतः करवंटी घासतो, फोटो स्वतःचे काढतो, नाव स्वतःचं लावतो. आणि करवंटीची बटणं करायची कल्पना आम्ही तरी कुठून आणली? एका मेळ्यातल्या केरळच्या स्टॉलवरून. मी तिथं उभी राहून भोकं कशी पाडतात ते बघून घेतलं होतं, त्या माणसाला काहीच न सांगता. नवरा गप्प झाला, पण पटलेलं नाही त्याला.

यंदा नवा दिवा केलाय. कसा आहे ते इथं लिहिणार नाही. अर्ज कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयात जायचाय, फी हजार रुपये, कागद वकिलांकडे आहेत. तोवर दिवा कपाटावर, पंच्याखाली. गणेशचवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. नवऱ्याच्या आतेबहिणीनं पंचा उचलला, “कितें सोबीत!” म्हणाली आणि पर्समधून फोन काढला. सासूबाई माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीखाली) आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताट तसंच माझ्या हातात देऊन त्या धावल्या आणि खांद्यावरचा टॉवेल फेकून दिवा झाकला.