नाला सोडून वस्तीत शिरलेली हद्द

ऑगस्ट 2025 मध्ये आमच्या शहराची प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली. हरकतींसाठी मोजके दिवस होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नकाशात आमची वस्ती नखाएवढी, काही कळेना. झेरॉक्सवाल्याकडून मोठी प्रत काढली आणि सोबतचं हद्दींचं वर्णन वाचायला बसले. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असं ते लिहिलेलं असतं. आमची पूर्वेची हद्द नाल्याने दक्षिणेकडे निघाली होती. पुलापाशी मात्र ती नाला सोडून वस्तीत शिरत होती आणि खाली पुन्हा नाल्याला मिळत होती.

कागद हातात धरून मी आणि शेजारच्या काकू ती हद्द चालून आलो. समाजमंदिर एका प्रभागात, त्याच्या समोरचा नळ दुसऱ्यात. काकूंचं दार आणि माझं दार यांच्यामध्ये चार फुटांची गल्ली, आणि आमचे प्रभाग वेगळे. "चार नगरसेवक तुमचे, चार आमचे," काकू म्हणाल्या, "मग नळासाठी जायचं कुणाकडे?"

नळाचं तर खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट आरक्षणाची. अनुसूचित जातीच्या जागा प्रभागातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीनुसार, उतरत्या क्रमाने ठरतात. वस्ती मधोमध तोडली की दोन्हीकडची टक्केवारी घसरते आणि हक्काची जागा जाऊ शकते. मतांच्या फायद्यासाठी हद्द अशी वाकवण्याला अमेरिकेत 1812 पासून गेरीमँडरिंग म्हणतात. आमच्याकडे सरळ 'वस्ती फोडली' म्हणतात.

पहिली हरकत मी रागाच्या भरात लिहिली, कुणाच्या सोयीसाठी हे केलं ते नावानिशी. पालिकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी ती वाचून परत दिली. "कुणी केलं ते सुनावणीत टिकत नाही. कुठला निकष मोडला ते लिही." मग दुसरी लिहिली. हद्द नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग अशी ठळक असावी, मागास वस्ती शक्यतो तोडू नये, हे निकष आणि प्रत्यक्ष जागा समोरासमोर मांडली. खरी मेहनत आकड्यांची होती. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून सगळं 2011 च्या प्रगणक गटांवर, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या घरांच्या छोट्या गटांवर. तोडलेले दोन गट आमच्यात घेतले आणि रस्त्यापलीकडचा एक तिकडे दिला, तरी दोन्ही प्रभाग सरासरीच्या 10 टक्के कमी-जास्त मर्यादेत बसतात, हे बेरजेसह दाखवलं. पर्याय दिला नाही तर नुसती तक्रार उरते. आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवली.

राज्यघटनेच्या 243 झेडजी कलमामुळे प्रभाग रचनेवर कोर्टात दाद मागणं फार अवघड आहे. हातात होती ती हीच पायरी, म्हणून सुनावणीच्या दिवशी मजुरी बुडवून आमच्या बारा बायका आल्या. छापील मजकुराच्या ढीगभर हरकती एकत्रच निकाली निघत होत्या. आमची पाळी आली तेव्हा अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, "लोकसंख्या जुळते का?" मी बेरजेचा कागद पुढे केला, लाल पेनाने हद्द दाखवली. पाच मिनिटंही लागली नसतील.

मसुदा पालिका आयुक्त करणार आणि तो राज्य सरकारच्या नगरविकास विभागामार्फत राज्य निवडणूक आयोगाकडे जाणार, ही पद्धत मला मान्य नाही. 2022 च्या कायद्याआधी हे काम आयोगाकडे होतं, ते तिथेच परत गेलं पाहिजे. सत्तेत कुणीही असो, निवडणूक लढवणाऱ्यांच्या हातात हद्दीची पेन्सिल नको.

ऑक्टोबरमध्ये अंतिम रचना आली. रेल्वेपलीकडच्या चाळी आमच्यात घ्याव्यात, ही आमची आणखी एक सूचना फेटाळली होती. त्या चाळींतल्या मुली आमच्याच शाळेत येतात, त्यांचं वाईट वाटतं. पूर्वेची ओळ मी काकूंना ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवली: नाल्याने दक्षिणेकडे, रेल्वेमार्गापर्यंत. काकूंनी ती पुन्हा वाचायला लावली.