बिनमिठाचा पाव आणि राजाराम महाराजांची छत्री

सुट्टीला कोल्हापूरला घरी आलेय. काल संध्याकाळी आजीला घेऊन रंकाळ्यावर बसले होते. तिनं मध्येच विचारलं, "तिकडची माणसं बोलत्यात तरी का गं तुझ्याशी?" दीड वर्षापूर्वी फोनवर मीच तिला रडत सांगितलं होतं, की इटलीतल्या फ्लोरेन्सची माणसं फार तुसडी आहेत. ते शब्द आता मागे घ्यायचेत.

वास्तुसंवर्धन शिकायला गेले, ते पहिले दोन महिने जड गेले. मी दुकानात शिरून थेट दूध मागायचे आणि काउंटरवरची बाई माझ्याकडं न बघताच पैसे घ्यायची. मला वाटायचं, माझा रंग बघून करतात. माझी घरमालकीण सत्तरीच्या पुढची, सगळा जन्म सांतो स्पिरितो भागात गेलेला. एकदा ती माझ्याबरोबर बेकरीत आली आणि बाहेर पडल्यावर म्हणाली, "आत गेल्यावर 'बुओनजोर्नो' का म्हणत नाहीस? तू त्यांना मोजत नाहीस असं वाटतं त्यांना." आपल्याकडं महाद्वार रोडला दुकानात शिरताना नमस्कार कोण करतं? "मामा, अर्धा किलो पोहे द्या" म्हटलं की त्या 'मामा'त सगळं आलं. तिथला मामा म्हणजे बुओनजोर्नो. आठवड्याभरात त्याच बाईनं माझं नाव विचारलं. (सगळीकडं असं झालं नाही. खोली शोधताना आडनाव ऐकून फोन ठेवणारेही भेटले, ते मी विसरलेले नाही.)

पावाचंही तसंच. तस्कनी प्रांतातल्या पावात मीठ नसतं. पहिला घास घेतला तेव्हा घरची इतकी आठवण आली की बस. मग मालकिणीनं त्यावर खारट पेकोरिनो चीज ठेवून दिलं आणि एकदम लक्षात आलं, आमच्या घरी भाकरीच्या पिठात तरी मीठ कुठं असतं? ते खर्ड्यात असतं.

जूनमध्ये सांता क्रोचे चौकात वाळू पसरतात आणि चार पेठांचे संघ 'काल्चो स्तोरिको', म्हणजे जुन्या पद्धतीचा फुटबॉल, खेळतात. एका बाजूला २७ जण, चेंडूबरोबर ठोसेही. २४ जूनला, संत योहानाच्या दिवशी, फायनल. मालकिणीच्या खिडकीत तिच्या पेठेचा पांढरा झेंडा, गल्लीत पोरांची घोषणाबाजी. शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघत वाढलेल्या मला त्या दिवशी कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते वेगळंच. शहराच्या पश्चिमेला काशिने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, एक छत्री आहे. आत फेटा घातलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). १८७० मध्ये इंग्लंडला जाऊन परत येताना ३० नोव्हेंबरला त्यांचं फ्लोरेन्समध्ये निधन झालं. वय अवघं वीस. दहनाची तिथं रीत नव्हती. खास परवानगी मिळवून रात्री नदीकाठी अग्नी दिला. १८७४ मध्ये स्मारक झालं. शेजारच्या पुलाला सगळं शहर 'इंडियानो', म्हणजे भारतीय माणूस, म्हणतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. किती तरी वेळ तिथून हलता आलं नाही. परक्या गावात आजारी पडणं काय असतं ते मला तोवर कळलं होतं. शेजारच्या बाकावर कुत्रं घेऊन बसलेल्या आजोबांनी विचारलं, "तुमच्याकडचा का?" मी म्हटलं, "माझ्या गावचा." ते उठले, टोपी काढली आणि पुतळ्यासमोर माझ्या शेजारी उभे राहिले.

घरी येऊन मालकिणीला सांगितलं. वर्षानुवर्षं त्या पुलावरून गेलेली बाई. कुणीतरी हिंदी राजपुत्र, एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं मला महाराजांचं नाव आणि 'कोल्हापूर' देवनागरीत लिहायला लावलं. तो कागद अजून तिच्या फ्रिजवर आहे.

आजी हे सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "दिवा कोण लावतं तिथं?"

३० नोव्हेंबरला मालकीण आणि मी, आम्ही दोघी तिथं जाणार आहोत. आजीनं पितळी निरांजन काढून दिलंय, ते सकाळीच बॅगेत ठेवलं.