तिसरे आळे: अठरा बादल्या पाणी एका रात्रीत मुरले

रविवारी सकाळी साडेसहा वाजता तिसऱ्या आळ्यात खुणेची काठी घातली, तेव्हा तळाशी पाणी नव्हते, नुसती ओल होती. शनिवारी रात्री दहा वाजता त्याच खड्ड्यात आम्ही अठरा बादल्या पाणी ओतले होते. आमच्या पेठेतल्या या गल्लीत आम्ही आळी खणून झाडे लावतो आहोत. त्याच्या आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना याचे मोल निराळे सांगायला नको. गेल्या चौदा महिन्यांत दोन बकुळी आणि एक कांचन अशी तीन रोपे या एकाच जागी गेली.

पहिली बकुळ पिवळी पडू लागली, तेव्हा पाणी कमी पडते आहे असे वाटून मी रोज एक बादली वाढवली आणि ती पंधरा दिवस आधीच गेली असावी, असे आता वाटते. दुसऱ्या वेळी बुरशीचा संशय आला, म्हणून निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) घातले, शिवाय निचरा व्हावा म्हणून तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर दिला. तिसऱ्या वेळी रोपवाटिकाच बदलली, कारण उपटलेल्या बकुळीची मुळे पिशवीच्या आकाराचे वेटोळे घालून बसलेली होती. त्या रोपवाटिकेतून पुन्हा रोप घेणार नाही हे मत कायम आहे. जेथे रोप घेताना पिशवी तळाशी थोडी फाडून पाहू देत नाहीत, तेथून उंच आणि टवटवीत रोपही घेऊ नये. मात्र खरे दुखणे तेथे नव्हते. नव्या रोपवाटिकेचा कांचन सरळ मुळांचा होता, तरी दोन महिन्यांत वाळला.

तो काढला, तेव्हा मातीला गटारासारखा वास येत होता. एक मूळ चिमटीत धरून ओढले, तर काळी पडलेली साल मोज्यासारखी हातात आली आणि आतला दोऱ्याएवढा धागा तेवढा मागे राहिला. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि मातीच्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर ती गुदमरून कुजतात, हे आपण सगळेच जाणतो; पण वरची माती दुपारपर्यंत कोरडी दिसत असल्यामुळे खाली काय चालले आहे याची शंका आली नाही. खड्डा पूर्ण रिकामा करून पाण्याने भरला, तर चोवीस तासांत पातळी जेमतेम दोन बोटे उतरली. विटांच्या थराने काही साधले नाही, कारण बारीक मातीतले पाणी वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही, आणि उतरले तरी त्याला पुढे वाट असावी लागते. तळाशी विटा किंवा खडी घालण्याचा सल्ला मी यापुढे कोणालाही देणार नाही.

पाणी उपसून पहारीने तळ ठोकला, तेव्हा अडीच फुटांवर आवाज खणखणीत येऊ लागला. गल्लीतल्या ज्येष्ठांनी लगेच थांबायला सांगितले, कारण नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलेल्या पाण्याच्या जमिनीखालच्या नळाचा एखादा फाटा आपल्याकडेही असेल, असे त्यांना वाटत होते. तो मुद्दा योग्यच होता. एका झाडासाठी पावणेतीनशे वर्षांच्या बांधकामावर पहार चालवणे कोणालाच मान्य झाले नसते, म्हणून दोन दिवस काम बंद ठेवले. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या गवंड्यांनी खड्ड्यात उतरून तो पृष्ठभाग ब्रशने धुतला आणि म्हणाले, "ताई, हा चुना नाही. ही खडी बघा, हे सिमेंट आहे." जुनी ड्रेनेजची लाईन सरकवताना तिच्याखालचा काँक्रीटचा थर तसाच पुरून टाकलेला होता. आमचे आळे म्हणजे बुडाला छिद्र नसलेली कुंडी झाली होती.

पाण्याची लाईन तेथून दीड फुटावर असल्यामुळे ब्रेकर लावला नाही. छिन्नी, हातोडा आणि लोहाराकडून घडवून घेतलेली जाड पहार यांवर काम केले. दुकानातून आणलेली तयार पहार पहिल्या तासातच वाकली. चार इंचांचा थर फोडून दीड फुटाचे भोक पाडायला अर्धा दिवस लागला आणि खाली पिवळा, मोकळा मुरूम लागला. पहिले भरणे कोरड्या मुरमात भराभर शोषले जाते, म्हणून ते जमेस धरले नाही. वर सांगितलेले शनिवारचे भरणे दुसरे आहे.

उपसलेल्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकले तेव्हा ती जोरात फसफसली. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी असतेच, पण येथे सिमेंटचा चुरा डोळ्यांना दिसत होता, म्हणून ती सगळी माती टाकून पोयटा (गाळाची माती) आणि शेणखत भरणार आहे.

इतर आळ्यांचे थोडक्यात सांगते. दोन्ही बहावे पहिल्या मजल्याच्या कठड्याला लागले आहेत. त्यांच्या कोवळ्या पानांवर पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या आल्या आहेत. पाने खाल्ली तरी त्यांच्यावर निंबोळी अर्क फवारायचा नाही, असे गल्लीतल्या मुलांनीच ठरवले आणि मला त्याचा फार आनंद झाला. सहाव्या आळ्यातल्या कांचनाचा बांबू सोडला. आठ दिवसांच्या वाऱ्यापावसात तो स्वतःच्या बळावर उभा राहिला आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. अठरा फुटांच्या गल्लीत तेवढी रुंदी मिळत नाही, म्हणून आमची आळी दोन फूट रुंद आणि पाच फूट लांब आहेत. माती लांबीत मिळाली तरी मुळे तिकडे वळतात, हे बहाव्यांनी दाखवून दिले आहे.

तिसऱ्या आळ्यात पुन्हा बकुळच लावायची असे कालपर्यंत ठरले होते. आज लिहिताना मात्र ताम्हण डोळ्यांपुढे येतो आहे. तो कोकणात ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारा, म्हणजे एखाद्या पावसाळ्यात भोक गाळाने तुंबले तरी बकुळीपेक्षा जास्त तग धरील. समोरचा वाडा एकमजली असल्यामुळे दुपारचे तीन तास ऊनही मिळेल. रोप आणूनही ठेवले आहे.

आणि हे लिहितानाच दुसरी गोष्ट लक्षात आली. ड्रेनेजची जुनी लाईन गल्लीच्या लांबीने गेलेली होती, म्हणजे हा थर पुढेही असणार. आणि पाचव्या आळ्यातल्या पुत्रंजीवाची नवी पाने दोन महिन्यांपासून नखाएवढीच येत आहेत. आजवर मी तो सावलीचा परिणाम समजत होते. तेथे झाड उभे असल्याने खड्डा भरून पाहता येणार नाही, म्हणून मंगळवारी आळ्याच्या दोन्ही टोकांना, मुळांपासून दूर, तीन फुटांची सळई ठोकून पाहणार आहे. अडीच फुटांवर तोच आवाज आला तर आधी पुत्रंजीवाखालून बाजूने वाट काढावी लागेल. तोवर ताम्हण वाड्याच्या ओट्याच्या सावलीत पिशवीतच राहील.