दोघांच्या घरात वर्षाची बेगमी

"आता घरात तुम्ही दोघंच, तरी अजून वर्षाचं सामान भरता?" हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकावा लागतो. शाळू ज्वारीचे पोते रिक्षातून उतरताना गल्लीतले विचारतात, सुट्टीला आलेली मुलगी विचारते, आणि बेंगळुरूची सूनबाई तर दहा मिनिटांत दारात तांदूळ येतो ते फोन समोर धरून दाखवते. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, हे मला कळते. आजवर "सवय आहे" एवढे सांगून मी विषय मिटवत आले, पण ते उत्तर खरे नाही आणि देताना मलाच बरे वाटत नाही. तुम्हीही तेच विचारलेत म्हणून या वेळी सविस्तर सांगते.

आधी पैशांचे बोलते. रविवार पेठेत पोत्याने घेतले तर किलोमागे थोडे वाचते, पण निवडताना निघणारा कचरा, रिक्षाचे भाडे आणि कधी लागलीच तर कीड, हे सगळे हिशेबात धरले, तर त्यासाठी उन्हात चार दिवस घालवावेत असे काही हाती लागत नाही. दुसरे कारण लोक स्वतःच मला सुचवतात, की लॉकडाऊनमध्ये साठवणीचा किती उपयोग झाला असेल. आमच्या घरी झाला नाही. २०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले तेव्हा आमच्याकडे आठवडाभर पुरेल इतकेही धान्य नव्हते, आणि त्या वर्षी चटणी कुटायला कांडपही उघडे नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर खडूने आखलेल्या गोलात मी इतरांसारखीच उभी राहिले. तेव्हा ही साठवण शहाणपणाची असते, असे म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

१९८८ साली लग्न होऊन मी खानापूर तालुक्यातून बेळगावच्या शहापुरात आले, तेव्हा या घरात नऊ माणसे होती. तीन क्विंटल तांदूळ, तेवढाच शाळू, तुरीची डाळ, आणि वर्षाच्या चटणीसाठी मिरची, तिखटपणाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी, असे सगळे एप्रिलमध्ये एकदम यायचे. सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी सकाळचा स्वयंपाक उरकून सूप घेऊन बसत असू, ते दिवे लागेपर्यंत. पुरुषांचे काम पोती माजघरात आणून टाकण्याचे. रात्री बोटांची टोके सुजत, आणि मिरचीचे देठ काढल्यावर लहान मुलाला जवळ घ्यायचीही चोरी असे. माझ्या हातात कारभार आला की मी आठवड्याचे सामान आठवड्याला आणीन, असे मी त्या वेळी माहेरी आईला रडून सांगितले होते. ती तेवीस वर्षांची मुलगी आज माझ्यासमोर उभी राहिली, तर तुमचाच प्रश्न तुमच्यापेक्षा रागाने विचारील, आणि तिला गप्प करील असे उत्तर माझ्याजवळ नाही.

सासूबाई २०११ साली गेल्या. जाऊबाईंचे बिऱ्हाड त्याआधीच टिळकवाडीला गेले होते. मुले शिकायला बाहेर पडली. मी भरणे बंद करू शकले असते, पण मुलांना डबे भरून द्यायचे म्हणून वर्षे निघून गेली. मग २०१६ साली यजमान निवृत्त झाले आणि पुढच्या एप्रिलमध्ये, कुणी न सांगता, माझ्यासमोर ताट ओढून तांदूळ निवडायला बसले. नवऱ्याने निवृत्तीनंतर हात लावला एवढ्याने तू विरघळलीस का, असे ती तेवीस वर्षांची मुलगी नक्की विचारील. होय, विरघळले. अठ्ठावीस वर्षे एका घरात काढूनही आम्ही दोघांनी एकाच कामाला एकाच वेळी हात लावल्याचे मला आठवत नव्हते. ते कामावर, मी घरात. ते बाहेरच्या खोलीत, मी आत. भांडण नव्हते, पण एकत्र असे काही नव्हते.

त्यांना निवडता येत नव्हते. खडा आणि कणी यांतला फरक त्यांना चष्म्यातूनही दिसेना. तांदळाला कडक ऊन दाखवले तर तो तडकतो आणि कण्या पडतात, म्हणून त्याला सावलीतच पसरायचे, आणि शाळूला मात्र चांगले ऊन द्यायचे, हेही त्यांना नवे होते. त्यांना सर्वांत आवडले ते तुरीच्या डाळीला एरंडेल लावणे. तळहातावर थोडे तेल घेऊन दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे आणि मग परातीतली डाळ मूठमूठ घेऊन हलक्या हाताने फिरवायची, म्हणजे दाण्यादाण्याला तेल लागते पण डाळ तेलकट होत नाही. तेल लागू नये म्हणून ते आधी बोटातली अंगठी काढून माझ्याकडे देतात. माझ्या इतर बोटांत ती सैल होते, म्हणून मी ती अंगठ्यात घालते आणि त्यांचे काम होईपर्यंत तशीच वावरते. डाळ चकाकू लागली की ते परात उचलून माझ्यापुढे धरतात आणि "बघ, झाली का," असे विचारतात. चार वाजता चहा होतो. कडुनिंबाचा वाळवलेला पाला मी कोठीच्या तळाशी पसरते, चटणीच्या बरणीत हिंगाचे खडे घालते, आणि ते प्रत्येक झाकणावर महिना आणि वजन लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात. हे चार-पाच दिवस मला वर्षातल्या कुठल्याही सणापेक्षा प्रिय आहेत.

पण २०१९ सालची गोष्ट सांगितली नाही तर वरचे सगळे अर्धेच राहील.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस थांबतच नव्हता. जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा पात्राबाहेर गेल्या होत्या, आणि शहरात बळ्ळारी नाल्याच्या अंगाची वस्ती पाण्यात होती. आमची गल्ली सखल आहे, तरी पूर्वी कधी पाणी उंबरा ओलांडून आले नव्हते. त्या रात्री ते आधी मोरीतून वर आले. मी पोतेरे घेऊन धावले, आणि पोतेरे पिळेपर्यंत ते माजघरात पसरले. वीज गेली. लोणच्याच्या आणि चटणीच्या बरण्या आम्ही दोघांनी माळ्यावर चढवल्या, पण पत्र्याच्या कोठ्या भरलेल्या होत्या. पन्नास किलो तांदळाची कोठी साठीच्या उंबरठ्यावरच्या दोन माणसांना हलेना. पाणी पोटरीला लागले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी जिन्यातून हाका मारायला सुरुवात केली. मी जिन्याशी पोहोचून मागे पाहिले, तर यजमान माझ्यामागे नव्हते.

ते माजघरातच होते. मोबाइलचा दिवा दातांत धरून ते पातेल्याने कोठीतला तांदूळ उपसत होते, आणि भरलेले पातेले स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नेऊन ठेवत होते. एक पातेले, मग दुसरे, मग कळशी. पाणी गुडघ्याला आले होते आणि त्यातून वहाणा, झाडू, सुपे तरंगत होती. मी तीनदा हाक मारली. त्यांनी "एवढं झालं की आलोच," असे म्हटले ते शब्द दिव्यामुळे नीट उमटलेही नाहीत. तेव्हा मी ओरडले, "सोडा ते! तुमच्या आईच्या हौसेपायी आज जीव जाईल तुमचा!"

त्यांनी हातातले पातेले पाण्यात सोडले नाही, ओट्यावर नेऊन नीट ठेवले, दातांतला मोबाइल हातात घेतला आणि माझ्या पुढून जिना चढून गेले. ती रात्र आणि पुढचे दोन दिवस आम्ही अक्कांच्या घरी होतो. त्या कन्नडमध्ये बोलत, मी मराठीत, आणि एकमेकींचे सगळे कळत असे. यजमान मात्र कुठल्याच भाषेत बोलत नव्हते.

पाणी उतरल्यावर खाली आलो, तेव्हा तांदूळ फुगून कोठीचे झाकण वर उचलले गेले होते. शाळूला मोड आले होते, पांढरे, बोटाच्या पेराएवढे, आणि घरभर आंबूस वास होता. आम्ही ते सगळे फावड्याने पोत्यांत भरले आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवले. तिथे शेजाऱ्यांच्या गाद्या होत्या, मुलांची दप्तरे होती, एका घरचा मागावरचा अर्धा विणलेला ताणा होता. आमचे धान्य त्या मानाने काहीच नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. यजमानांनी शाळूची एक मूठ उचलली, पाहिली, आणि परत पोत्यात टाकली.

ओट्यावरचा तांदूळ मात्र कोरडा राहिला होता. दहा-बारा किलो असेल. आम्ही तो महिनाभर खाल्ला. रोज सकाळी तो धुताना मला माझेच वाक्य आठवे, आणि ते रोज मुकाट्याने जेवून उठत. एकदा मी "हा तुम्ही वाचवलेला," असे म्हणून पाहिले. त्यांनी "हं" म्हटले.

त्यानंतर मी कोठ्या मोडीत घातल्या आणि पिशवीतले सामान आणू लागले. तेवीसाव्या वर्षी जे मागितले होते ते मला चोपन्नाव्या वर्षी मिळाले. फडताळे रिकामी झाली, घर नीटनेटके दिसू लागले, येणारे-जाणारे कौतुक करू लागले. एप्रिल आला आणि कुठल्याही महिन्यासारखा गेला. दुपारी ते बाहेरच्या खोलीत, मी आत.

२०२१ च्या मार्चमध्ये यजमान पत्र्याचे सहा नवे डबे करून घेऊन आले. जुन्या कोठ्यांच्या पाव आकाराचेही नव्हते. सोबत कमरेइतक्या उंचीची लोखंडी मांडणी होती. मी काही विचारण्याआधी ते म्हणाले, "भरलेला डबा तुला एकटीला उचलता यायला पाहिजे, असं सांगून करून घेतलेत." मी एक डबा उचलून पाहिला. मग आम्ही रविवार पेठेत गेलो. आता चाळीस किलो तांदूळ आणतो, त्यात पाच किलो येळ्ळूरकडचा बासमती असतो, सणाला. शाळू तीस किलो आणि डाळ आठ. ज्यांना आमची साठवण डोळ्यांत येते, त्यांनी हे आकडे ध्यानात घ्यावेत.

ते वाक्य मी अजून मागे घेतलेले नाही. त्याचा अर्धा भाग मला आजही खरा वाटतो: धान्यासाठी माणसाने गुडघाभर पाण्यात उभे राहू नये, आणि पुन्हा तशी रात्र आली तर मी पुन्हा ओरडेन. उरलेल्या अर्ध्याचे काय करावे हे मला कळत नव्हते, म्हणून या एप्रिलमध्ये तांदूळ निवडता निवडता मीच विषय काढला. त्या रात्री आईंचे नाव घ्यायला नको होते, असे मी म्हणाले. ते बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "आईला हौस नव्हती गं. तिला धास्ती होती. बहात्तरच्या दुष्काळात तिनं आम्हाला मिलोच्या भाकरी घातल्यात."

मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी. सासूबाईंबरोबर मी तेवीस वर्षे सूप धरले होते, आणि हे मला कधी कुणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. मी त्यांना म्हटले, "आणि आपल्याला कसली आहे? हौस की धास्ती?" त्यांनी उत्तर दिले नाही. बोटातली अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली आणि डाळीची परात पुढे ओढली.