घानाला जाताना: तुम्ही विचारलेत म्हणून

नोकरीच्या निमित्ताने घानातील टेमा या बंदराच्या शहरात तीन वर्षे राहून मी परत आलो, तेव्हापासून नातेवाईक, जुने सहकारी आणि त्यांच्या ओळखीचे लोक मला वरचेवर एकच प्रश्न विचारतात: "आम्हाला घानाला जायचे आहे. तिथे सुरक्षित आहे ना, आणि तयारी काय करावी?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा चोरीची धास्ती असते. गर्दीत पाकीट सांभाळावे लागते, हे खरे. परंतु तसे ते दादरलाही सांभाळावे लागते. माझ्या अनुभवाने खरी काळजी दोनच गोष्टींची घ्यावी, डासांची आणि रात्रीच्या रस्त्यांची. बाकी प्रवास कसा होईल, हे तुम्ही समोरच्या माणसाशी कसे बोलता यावर ठरते.

तिकिटाच्याही आधी पीतज्वराच्या लशीचे पाहावे. घानात प्रवेश करताना या लशीचा पिवळा दाखला लागतो आणि परत येताना आपल्या विमानतळावरही तो मागतात. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, एकदा लागू झाला की तो आयुष्यभर चालतो, मात्र ही लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिथे तारीख आधी घ्यावी लागते. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे.

मलेरियाला लस घेऊन निश्चिंत होता येत नाही, तिथे गोळ्याच घ्याव्या लागतात, आणि नेमके याच बाबतीत आपले लोक ढिलाई करतात, कारण मलेरिया आपल्याला नवा नाही असे आपल्याला वाटते. घानातील मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा असतो. तो वेळेवर ओळखला नाही तर दोन-चार दिवसांत जीवावर बेततो, आणि आपल्या परिचयाचे क्लोरोक्विन त्याच्यावर भरवशाचे राहिलेले नाही. कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टर ठरवतील, पण ती परतल्यानंतरही चालू ठेवायची असते, काही गोळ्या आठवडाभर तर काही चार आठवडे. माझ्या पहिल्या सुट्टीत मी पुण्यात पाय ठेवताच गोळ्या बंद केल्या. बाराव्या दिवशी ताप आला, तो हवाबदलाचा समजून मी दोन दिवस अंगावर काढला, आणि ज्या दवाखान्यात गेलो तिथे आफ्रिकेतून आलो आहे हे सांगायचेही मला सुचले नाही. रक्ताची तपासणी झाली ती तिसऱ्या दिवशी, पत्नीने आग्रह धरला म्हणून. तेव्हा परतल्यानंतरच्या तीन महिन्यांत साधी कणकण जरी आली, तरी डॉक्टरांना पहिले वाक्य "मी घानाहून आलो आहे" हेच सांगावे.

रस्त्याविषयी थोडक्यात सांगतो. शहरात आणि गावोगावी ट्रोट्रो नावाच्या लहान बस चालतात. आपल्याकडच्या वडापसारखी ही गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि तिच्या दारात उभा असलेला वाहक, ज्याला तिथे 'मेट' म्हणतात, "सर्क, सर्क, सर्क" असे ओरडून राजधानी अक्रातील सर्कल या मोठ्या चौकाकडे जाणारे प्रवासी गोळा करतो. दिवसा जवळच्या अंतरासाठी ट्रोट्रोने अवश्य जावे. कुमासीसारख्या लांबच्या गावाला जायचे असेल, तर मोठी बस पकडावी आणि अशी पकडावी की अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठता येईल. महामार्गावर बंद पडलेले ट्रक दिव्यांशिवाय उभे असतात, आणि मागून येणाऱ्यांना इशारा म्हणून रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या असतात; रात्री त्या फांद्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आठवड्याच्या अखेरीस कुमासीच्या वाटेवर काळ्या-तांबड्या कपड्यांतील माणसांनी भरलेल्या गाड्या दिसतात. ती अंत्यविधीला निघालेली मंडळी असतात, कारण तिथे अंत्यविधी बहुधा शनिवारी ठेवतात, त्यामुळे शनिवारचा प्रवास ठरवताना हाताशी जास्त वेळ ठेवावा.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. पहिल्याच आठवड्यात मी अक्राच्या माकोला बाजारात टोमॅटो घ्यायला गेलो. रचलेल्या ढिगाकडे बोट दाखवून मी भाव विचारला. बाजारवालीने माझ्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही. ऐकू गेले नसेल असे समजून मी पुन्हा, जरा मोठ्याने विचारले. तिने हातातले फडके खाली ठेवले आणि शांतपणे "गुड मॉर्निंग" म्हटले. मी "गुड मॉर्निंग" म्हणालो. मग तिने मी कसा आहे ते विचारले, मी तिची विचारपूस केली, आणि त्यानंतर तिने भाव सांगितला, वर दोन टोमॅटो आपणहून जास्त घातले. घानात नमस्कार झाल्याशिवाय कामाचे बोलणे सुरू होत नाही, मग समोर टॅक्सीचालक असो, पोलीस असो की कार्यालयातला शिपाई. दुसरी रीत उजव्या हाताची. पैसे देणे, वस्तू घेणे, हात हलवून बोलावणे, यांपैकी काहीही डाव्या हाताने केले तर तो अपमान समजतात. आपल्या घरांत लहान मुलांना प्रसाद घेताना जे शिकवतात, ते तिथे दिवसभर पाळायचे, एवढेच.

या रीती कळल्या की तो देश फार परका वाटत नाही. जेवत बसलेला माणूस तुम्हाला पाहून "यू आर इन्व्हायटेड" म्हणतो, म्हणजे आपले "या जेवायला". उठून जाणारा माणूस "आय ॲम कमिंग" म्हणतो. नवख्या परदेशी माणसाचा त्याने गोंधळ उडतो; निघताना "येतो" म्हणणाऱ्या मराठी माणसाचा उडायचे कारण नाही. तुम्हाला ठेच लागली तर रस्त्यावरचा अनोळखी माणूस "सॉरी" म्हणतो. चूक त्याची नसते, त्याला तुमचे वाईट वाटलेले असते. अक्रात नि कुमासीत कानावर पडणाऱ्या ट्वी भाषेतला आभाराचा 'मेदासे' हा एक शब्द पाठ केला तरी चेहरे खुलतात.

शाकाहारी मंडळींनी उपाशी राहण्याची भीती बाळगू नये, पण विचारताना नेमके विचारावे. "मांस नको" म्हटल्यावर मासे चालतात असाच अर्थ घेतला जातो, आणि 'शितो' या काळ्या तिखट चटणीत सुकी मासळी असते. 'रेड रेड' म्हणजे पाम तेलात शिजवलेली चवळी आणि तळलेली पिकली राजेळीसारखी केळी. ती मासळीविना करून मागावी. 'वाचे' हा चवळी घातलेला तांबूस भात तर आपल्या जिभेला लगेच मानवतो. रस्त्याच्या कडेला निखाऱ्यावर भाजलेली केळी आणि शेंगदाणे मिळतात. माझी कित्येक दुपारची जेवणे त्यावर झाली. पाणी सीलबंदच घ्यावे, आणि व्होल्टा सरोवराच्या पाण्यात पाय सोडून बसू नये, कारण त्यातील परजीवी कातडीतून शरीरात शिरतात.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्याव्यात, रुपये तिथे बदलून मिळत नाहीत. विजेच्या खोबणी तीन चपट्या पिनांच्या ब्रिटिश पद्धतीच्या असतात. लष्करी छपाईचे कपडे नेऊ नयेत, सामान्य नागरिकाला ते घालण्यास मनाई आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सहारातून हरमाटन वारे धूळ घेऊन येतात, दम्याच्या रुग्णांनी ते लक्षात घ्यावे.

केप कोस्ट या समुद्रकाठच्या शहरातला, गुलामांच्या व्यापाराचा किल्ला मात्र घाईत पाहू नये. पुष्कळ लोक सकाळी काकुमच्या जंगलातील झुलत्या पुलावर जातात आणि दुपारी तासभर किल्ल्याला देतात. मीही पहिल्यांदा तसेच केले, आणि ते चुकले. जिथे गुलाम कोंडून ठेवत त्या तळघरात वाटाड्याने दिवा घालवला, तेव्हा उंचावरच्या एका झरोक्यातून येणारा उजेड तेवढा उरला. या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनागृह होते, हे त्याने त्या अंधारातच सांगितले. शेवटी ज्या दारातून माणसे जहाजांकडे नेली, त्या दारातून बाहेर पडले की समोर कोळ्यांच्या रंगीत होड्या आणि वाळत घातलेली जाळी दिसतात, आणि मागे वळून पाहिले तर त्याच दारावर बाहेरच्या बाजूने 'परतीचे दार' अशा अर्थाची इंग्रजी पाटी आहे. किल्ल्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा, आणि त्या संध्याकाळी दुसरे काही ठरवू नये.