बीएलडीसी पंखा खरंच परवडतो का? आमच्या घराचा हिशेब

नागपुरात नव्या घरासाठी पंखे घ्यायचे होते. साधा पंखा 1,600 रुपयांना, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचा) 2,900 ला. दुकानदाराचं म्हणणं, "ताई, 60 टक्क्यांहून जास्त वीज वाचते, सहा-सात महिन्यांत वरचे पैसे वसूल." सासऱ्यांचं म्हणणं वेगळं: "साध्या पंख्याचं कंडेन्सर गेलं तर शंभराच्या आत काम होतं. याचं सर्किट गेलं की कंपनीच्या माणसाची वाट बघत बसा." दोन्ही मुद्द्यांत तथ्य होतं, म्हणून दोन्ही आकड्यांत मांडायचे ठरवले.

आधी ते 60 टक्के. ते कशाच्या तुलनेत? जुन्या 75 वॅटच्या पंख्याच्या. बीएलडीसी 28 वॅट घेतो, म्हणजे 47 वॅटची बचत. पण 2023 पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं आहे. 2023 च्या निकषांप्रमाणे 48 इंची एक-स्टार पंख्याने दर वॅटमागे मिनिटाला किमान 4 घनमीटर हवा द्यावी लागायची, पाच-स्टारने 6. मिनिटाला 210 घनमीटर हवा धरली तर एक-स्टारचे साधारण 52 वॅट होतात. दुकानातल्या स्वस्त पंख्याच्या खोक्यावरही 52 च होतं. म्हणजे माझ्यासमोरच्या दोन पंख्यांतला खरा फरक 24 वॅटचा. 47 वॅटची बचत जवळजवळ निम्मी झाली.

मग युनिटचा दर. बरेच जण एकूण बिलाला युनिटांनी भागतात, ते मला पटत नाही. त्यात स्थिर आकार येतो, जो पंखा बदलून एका रुपयाने कमी होत नाही. शिवाय पहिली 100 युनिटं स्वस्त असतात आणि वाचतात ती वरच्या टप्प्यातली. आमचा वापर महिन्याला 200-250 युनिट, म्हणून 101 ते 300 च्या टप्प्याचा दर घेतला, त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा दर युनिटमागचा आकार) आणि 16 टक्के वीज शुल्क मिळवलं. साधारण 13 रुपये आले.

हॉलमधला पंखा दिवसाला 12 तास, वर्षातले 300 दिवस चालतो असं धरलं. 24 वॅटच्या फरकाने वर्षाला 86 युनिटं, म्हणजे अकराशेच्या थोडं वर. पण हा हिशेब पूर्ण वेगाचा आहे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर साधा पंखाही कमी वेगात कमी वीज घेतो, त्यामुळे फरक आकसतो. जास्तीचे 1,300 फिटायला मी दीड वर्ष धरलं.

आता सासऱ्यांचा मुद्दा, जो मला सगळ्यात वजनदार वाटला. वॉरंटी तीन वर्षांची होती. त्यानंतर सर्किट बोर्ड बदलायला किती, हे विचारलं तर 800 रुपयांपर्यंत सांगितले. तीन वर्षांत साधारण 2,600 वाचणार, त्यातून जास्तीचे 1,300 वजा केले तरी तेवढेच उरतात. एक बोर्ड त्यातून निघतो. दर दोन वर्षांनी बोर्ड जात असेल तर मात्र गणित घट्ट होतं, म्हणून कंपनीचं सर्व्हिस सेंटर शहरात आहे याची खात्री करून घेतली. वीज गेल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी जास्त पुरते, हा फायदा मी रुपयांत धरला नाही. पण मे महिन्यातल्या नागपुरात त्याची किंमत कळते.

हॉल आणि दोन्ही झोपायच्या खोल्यांसाठी बीएलडीसी घेतले. पाहुण्यांच्या खोलीत पंखा सरासरी दिवसाला तासभरही चालत नाही. तिथे बीएलडीसी लावला असता तर स्वस्त पंख्याच्या तुलनेत वर्षाला शंभरेक रुपये वाचले असते, म्हणजे जास्तीचे 1,300 फिटायला तेरा वर्षं. आणि तिथे स्वस्त पंखाही विकत घ्यायची गरज नव्हती. भाड्याच्या घरातला आमचाच जुना 75 वॅटचा पंखा चांगला चालत होता. सासऱ्यांनी त्याचं कंडेन्सर बदलून घेतलं आणि तोच लावला.