आर्वीचे विक्रम उपग्रह भूकेंद्र

आर्वी म्हटले की बहुतेकांना वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आठवते. मी ज्या आर्वीविषयी लिहीत आहे, ती जुन्नर तालुक्यात, नारायणगावाच्या जवळ आहे. आणि भारताचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र, म्हणजे उपग्रहाशी संदेशांची देवाणघेवाण करणारे जमिनीवरचे केंद्र, १९७१ मध्ये याच गावी कार्यान्वित झाले.

पुणे जिल्ह्याचा परदेशी संदेशवहनाशी संबंध तसा त्याहून जुना. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंग्लंडशी बिनतारी संपर्काचे उद्घाटन केले, तेव्हा संदेशांचे प्रक्षेपण खडकीहून आणि ग्रहण दौंडला होत असे. मात्र या संपर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह रेडिओलहरी) वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येत असल्यामुळे त्या थरांची स्थिती बिघडली की आवाज क्षीण होई, खरखर वाढे आणि कधी कधी बोलणे अर्ध्यावरच तुटे. १ जानेवारी १९४७ पासून ही सेवा सरकारी ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’कडे आली, तरी लहरींचा हा लहरीपणा काही गेला नाही.

१९६९ मध्ये हिंदी महासागरावर इंटेलसॅट-३ या मालिकेतील आंतरराष्ट्रीय दळणवळण उपग्रह स्थिरावल्यावर भारताला नवा मार्ग खुला झाला. भूकेंद्र परदेशी कंपनीकडून उभारून घ्यावे, की आपल्या अभियंत्यांनी उभारावे, हा खरा प्रश्न होता. अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष विक्रम साराभाई यांनी दुसऱ्या पर्यायाचा आग्रह धरला, आणि माझ्या मते आर्वीच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. हा आग्रह हवेतला नव्हता, कारण अहमदाबादेत संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९६७ मध्ये प्रायोगिक भूकेंद्र सुरू झाले होते आणि तिथे या कामात मुरलेली माणसे तयार होत होती. साराभाईंचे ३० डिसेंबर १९७१ रोजी निधन झाले. केंद्राला दिलेले ‘विक्रम’ हे नाव त्यांचेच.

केंद्राची डिश सुमारे ३० मीटर व्यासाची होती. आज घराच्या गच्चीवर हातभर डिश पाहणाऱ्याला एवढा आकार अवाढव्य वाटेल. पण सुमारे ३६,००० किलोमीटरवरील त्या काळच्या उपग्रहाची प्रक्षेपणशक्ती इतकी तुटपुंजी होती की, तो संकेत टिपण्यासाठी तेवढे क्षेत्रफळ लागेच. शिवाय अशा डिशचा झोत अंशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही अरुंद असतो. ‘स्थिर’ म्हणवणारा उपग्रहही आकाशात किंचित सरकत असल्याने, एवढे धूड सतत त्याच्या रोखाने वळवत राहणे भाग असे. त्या पिढीच्या भूकेंद्रांत ग्रहणाचे पहिले प्रवर्धक (आलेला संकेत वाढवणारी यंत्रे) हीलियमच्या साहाय्याने उणे अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवत, कारण यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेतून उपजणारा गोंगाटसुद्धा त्या क्षीण संकेताला गिळून टाकू शके. शहरांतील मायक्रोवेव्ह रेडिओ दुवे याच कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) चालत आणि त्यांचा व्यत्यय येऊ शके, म्हणून भूकेंद्रे वस्तीपासून दूर, शक्यतो डोंगरांच्या आडोशाला उभारली जात.

उपग्रहामार्गे आवाज स्वच्छ येई, मात्र वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागे, त्यामुळे आपला प्रश्न संपल्यावर पलीकडचे उत्तर अर्ध्या सेकंदाने ऐकू येई आणि नवखा माणूस मध्येच पुन्हा ‘हॅलो’ म्हणे.

पुढे १९७६ मध्ये डेहराडूनजवळ दुसरे केंद्र झाले, १९८१ मध्ये चेन्नई ते पेनांग अशी समुद्राखालील केबल पडली आणि १९८६ मध्ये हा सारा कारभार विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडे गेला. प्रकाशतंतूंच्या केबल किनाऱ्याला लागल्यावर तर परदेशी फोनचा मुख्य भार समुद्राखालूनच वाहू लागला.